अँटवर्पची नामावळी आणि पुण्याचा एक क्रीडाहंगाम (सन १९१९-२०)

बेल्जम देशांतील अँटवर्प शहरीं सन १९२० च्या ऑगस्ट महिन्यांत ऑलिंपिक सामन्यांचा जो महोत्सव झाला, त्याच्या नामावळींत हिंदुस्थानच्या सदराखालीं सहा नांवें आढळतात. चार धांवणारे आणि दोन मल्ल. हिंदुस्थानानें आपला म्हणून संघ पाठविल्याचा हा पहिला प्रसंग होय. त्यापूर्वीं सन १९०० सालीं पॅरिस येथें कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यानें दोन रौप्यपदकें मिळविलीं व तीं हिंदुस्थानच्या नांवें मांडण्यांत येतात, हें खरें. परंतु तो एकट्याचा उपक्रम होता, त्यामागें देशांतील कोणत्याहि संस्थेची निवड नव्हती. निवड, द्रव्यसाहाय्य, व्यवस्थापक आणि प्रवास या चारी अंगांनीं युक्त असा संघ प्रथम निघाला तो १९२० सालीं. आणि त्याचा उगम पुण्यांत, मुठेच्या पश्चिम तीरावरील डेक्कन जिमखान्याच्या मैदानांत आहे.

इतकी गोष्ट क्रीडेचा इतिहास वाचणारांस ठाऊक आहे. ती पुन्हा सांगण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु निराळा आहे. एखादा जुना महजर हातीं आला असतां त्यांतील साक्षीदारांचीं नांवें आपण अक्षर लावून वाचतों, नकलकाराच्या हातून काय बिघडलें असेल तें ताडतों, आणि मगच त्या कागदाचा पुरावा म्हणून उपयोग करतों. अँटवर्पची ही सहा नांवांची यादीहि तशाच रीतीनें वाचली पाहिजे. ती तशी वाचली नाहीं म्हणून गेलीं शंभर वर्षें या हंगामाची कथा आश्रयदात्याच्या नांवानें सांगितली जात आहे, आणि जे प्रत्यक्ष धांवले त्यांचीं नांवेंहि धड उच्चारलीं जात नाहींत.

प्रथम स्थळाचा विचार करूं. डेक्कन जिमखाना सन १९०६ मध्यें स्थापन झाला. बंडोपंत भाजेकर यांचें नांव त्याच्या संस्थापकांत अग्रभागीं आहे. त्या वेळीं नदीपलीकडचा हा भाग भांबुर्डे गांवच्या हद्दींतील मोकळा माळ होता. फर्ग्युसन कॉलेज तेवढें तिकडे जाऊन वसलें होतें. पेठांतून लकडी पूल ओलांडून गेलें म्हणजे शहर संपे. पुण्याला व्यायाम नवा नव्हता. तालमी होत्या, जोर-बैठका होत्या, मल्लखांब होता, कुस्तीचे फड होते. परंतु ‘जिमखाना’ ही संस्था तोंपर्यंत बहुतांशीं छावणींतल्या गोऱ्या लोकांची. शहरांतील लोकांनीं आपला जिमखाना काढावा, त्यांत क्रिकेट व टेनिस यांबरोबर देशी खेळांनाहि जागा असावी, आणि त्या खेळांस लेखी नियम असावेत, हा विचार या संस्थेनें पुढें आणला. सन १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधण्याचें काम पुण्यांत जिमखान्याच्याच आश्रयानें झालें. जो खेळ तोंपर्यंत मुलांच्या तोंडीं जिवंत होता तो कागदावर आला. जिमखान्याच्या स्थापनेनंतर चार वर्षांनीं, म्हणजे १९१० सालीं, याच शहरांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें हेंहि येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. एकीकडे दप्तरें एकत्र करण्याची आणि दुसरीकडे खेळांना नियमांत बसविण्याची खटपट पुण्यानें एकाच दशकांत आरंभिली. दुर्दैव असें कीं पहिल्या खटपटीची दृष्टि दुसऱ्या खटपटीच्या कागदांकडे वळली नाहीं.

या जिमखान्याच्या अध्यक्षपदीं सर दोराबजी टाटा निवडले गेले. जमशेटजी टाटांचे हे ज्येष्ठ चिरंजीव सन १८५९ त जन्मले. केंब्रिज येथें शिकत असतां त्यांनीं विलायती मैदानी खेळांची गोडी लावून घेतली, आणि परत आल्यावर मुंबईच्या शाळांशाळांतून क्रिकेटचे व धांवण्याचे सामने सुरू करण्याच्या कामीं पुढाकार घेतला. अध्यक्ष या नात्यानें सन १९१९ मध्यें ते जिमखान्याचे क्रीडासामने पाहावयास आले. तेथें जें त्यांनीं पाहिलें त्याची हकीकत त्यांनींच पुढें दहा वर्षांनीं, सन १९२९ मध्यें, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना एका पत्रांत लिहून कळविली. या हंगामाविषयीं जें कांहीं सर्वत्र सांगितलें जातें, त्याचें मूळ बहुतेक या एका पत्रांत आहे.

पत्राचा आशय थोडक्यांत असा. स्पर्धेस उतरलेले सर्व तरुण शेतकरी वर्गांतले, शेतांत राबणारे, हलक्या अन्नावर वाढलेले होते. युरोपांतील नियमांची किंवा आधुनिक शिक्षणाची त्यांना कल्पना नव्हती. मैदान लहान, रूळ न फिरवलेल्या खडबडीत गवताळ जमिनीवरच धांवण्याचा मार्ग आंखलेला. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेंत न घेतां वळणावरून घेण्याचा बेत चालकांनीं केला होता, आणि तीहि प्रत्येक धांवणाराचा पट्टा दोरीनें निराळा न करतां. लांब पल्ल्याची शर्यत रस्त्यांवरून झाली, पायांत जोडा नाहीं अशा स्थितींत. आणि तरीहि त्यांतील कित्येकांनीं घेतलेला वेळ युरोपांतील वेळेच्या जवळपास येत होता. दोराबजींना आश्चर्य वाटलें. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे त्यांनीं गोष्ट काढली, हिंदुस्थानास अँटवर्प येथें प्रवेश मिळवून देण्याविषयीं त्यांचें साहाय्य मागितलें, आणि उत्तम ठरलेल्या तीन धांवणारांस तिकडे पाठविण्याची तजवीज आपण करूं असें सांगितलें. योग्य आहार व इंग्रज शिक्षकांच्या हाताखालीं तयारी मिळाल्यास हे लोक देशाचें नांव राखतील, अशी त्यांची उमेद होती.

हें पत्र मोलाचें आहे. लिहिणारा स्वतः साक्षीदार आहे, खेळांचा जाणकार आहे, आणि त्यानें पदरमोड करून आपलें बोलणें खरें केलेलें आहे. तथापि कागद कितीहि विश्वसनीय असला तरी तो कोणीं, केव्हां, कोणास आणि कशासाठीं लिहिला हे चार प्रश्न त्याला विचारल्यावांचून सोडूं नये. येथें लिहिणारा आश्रयदाता आहे. लेखनाचा काळ प्रसंगानंतर दहा वर्षांचा आहे. वाचणारा बेल्जमचा उमराव आहे. आणि हेतु हिंदुस्थानांतील ऑलिंपिक चळवळीचा आरंभ कसा झाला तें सांगण्याचा आहे. अशा पत्रांत तपशील उठावदार व्हावा, मैदान अधिक ओबडधोबड दिसावें व धांवणारे अधिक अजाण दिसावे, हें साहजिक आहे. त्यांत खोटेपणा नाहीं. पण दृष्टिकोन आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पत्राच्या ज्या भागांत या शर्यतींची हकीकत येते, त्यांत धांवणाऱ्या एकाहि माणसाचें नांव नाहीं. ‘शेतकरी वर्गांतील मुलें’ एवढीच त्यांची ओळख. बखरींत सरदाराचें नांव यावें आणि ‘माणूस बहुत खर्च जाहलें’ एवढ्यांत बाकीचे आटोपावे, तशांतला हा प्रकार आहे.

आतां काळाकडे पाहूं. महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरांत थांबलें. त्याच वर्षीं इन्फ्ल्युएंझाच्या सांथीनें देशभर अनर्थ केला होता. जून १९१९ मध्यें व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या नांवें स्वतंत्र सह्या झाल्या, आणि १९२० च्या आरंभीं राष्ट्रसंघाच्या मूळ सभासदांत हिंदुस्थानची गणना झाली. स्वराज्य नव्हतें, पण राष्ट्रांच्या यादींत नांव आलें होतें. अँटवर्पच्या दरवाजांतून हिंदुस्थानास प्रवेश मिळाला तो या विचित्र संधिकाळांत. याच महोत्सवास जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या पराभूत राष्ट्रांस बोलावणें नव्हतें. म्हणजे स्वतंत्र राष्ट्रें बाहेर आणि परतंत्र हिंदुस्थान आंत, असा योग जुळून आला. गव्हर्नराचें पावसाळ्यांतील निवासस्थान पुण्याजवळ गणेशखिंडीस होतें. जिमखान्याचें मैदान आणि सरकारचा वाडा यांमधील अंतर थोडें होतें, ही भूगोलाची गोष्टहि या कामास उपकारक झाली असली पाहिजे.

सन १९२० त सहा जणांची निवड झाली. बंगालचे बॅनर्जी हे कमी पल्ल्याचे धांवणारे. बेळगांवचे चौगुले, साताऱ्याचे दातार आणि हुबळीचे कैकाडी हे लांब पल्ल्याचे. आणि नवले व शिंदे हे दोन मल्ल. संघाबरोबर सोहराब भूत हे व्यवस्थापक व डॉ. ए. एच्. ए. फैजी हे दुसरे जबाबदार गृहस्थ होते. सहांपैकीं तिघांचीं गांवें पाहतां एक गोष्ट लक्षांत येते. सातारा, बेळगांव आणि हुबळी हीं एका जुन्या वाटेवरचीं ठिकाणें आहेत. पुणें हें या वाटेचें उत्तर टोंक. ज्या मार्गानें मराठ्यांच्या फौजा कर्नाटकांत उतरत, त्याच मार्गावरचे हे धांवणारे पुण्याच्या मैदानाकडे आले. म्हणजे १९१९-२० चा हा हंगाम एका शहराचा नव्हता, दक्षिण महाराष्ट्र आणि मराठी-कानडी सीमेवरील मुलूख यांचा तो होता. पुण्यानें त्याला मैदान दिलें.

महोत्सवाचा प्रारंभ ता. १४ ऑगस्ट १९२० रोजीं झाला. पांच वलयांचें निशाण ऑलिंपिकच्या मैदानावर प्रथम फडकलें तें येथेंच, आणि खेळाडूंच्या वतीनें शपथ घेण्याची चालहि येथूनच सुरू झाली. हिंदुस्थानच्या संघापुढें निशाण घेऊन बॅनर्जी चालले. महाराष्ट्राचें चित्त मात्र तेव्हां दुसरीकडे होतें. ता. १ ऑगस्ट रोजीं मुंबईस लोकमान्य टिळकांचें निधन झालें होतें आणि त्याच दिवशीं असहकारितेच्या चळवळीस आरंभ झाला होता. पुणें शोकांत असतां पुण्याहून निघालेली ही लहानशी टोळी समुद्रापलीकडे आपल्या पाळीची वाट पाहत होती.

निकाल येणेंप्रमाणें. बॅनर्जी हे १०० व ४०० मीटरांच्या पहिल्याच फेरींत मागें पडले. ता. २२ ऑगस्ट रोजीं मॅरेथॉन झाली. या शर्यतीचा पल्ला अद्यापि कायम झालेला नव्हता. अँटवर्प येथें तो ४२.७५ किलोमीटर, म्हणजे सुमारें २६॥ मैल ठेवला होता, आणि ऑलिंपिकच्या इतिहासांत इतका लांब पल्ला दुसरा नाहीं. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले १९ वे आले. त्यांचा वेळ २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद. दातारांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. चौगुल्यांचा हा वेळ दर मैलास सुमारें ६ मिनिटें २६ सेकंद पडतो, आणि विजेत्याच्या मागें ते सुमारें १८ मिनिटें होते. ज्या कोलेहमाइनेननें १९१२ सालीं स्टॉकहोम येथें तीन सुवर्णपदकें जिंकलीं होतीं आणि जो वर्षानुवर्षें याच एका कामांत मुरलेला होता, त्याच्याशीं ही तुलना आहे हें विसरूं नये. कुस्तींत नवले पहिल्याच लढतींत हरले. परंतु शिंदे हे फेदरवेट या हलक्या वजनाच्या गटांत उपांत्य फेरीपर्यंत पोंचले, तेथें हरले, आणि तिसऱ्या जागेच्या लढतींत ग्रेट ब्रिटनच्या बर्नार्डकडून पराभूत होऊन चौथे आले. मातींत कसलेला मल्ल गादीवर प्रथमच उतरून जगांत चौथा यावा ही सामान्य गोष्ट नव्हे. एका लढतीनें पदक हुकलें. तें मिळण्यास पुढें ३२ वर्षें लागलीं, आणि तेंहि सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कुस्तींतच मिळविलें.

याच अँटवर्प येथें त्याच महिन्यांत दुसऱ्या एका लहान देशाची गोष्ट घडली. ती येथें सांगणें अस्थानीं होणार नाहीं. नॉर्वे हा देश स्वीडनपासून १९०५ सालीं वेगळा झाला. त्याची फुटबॉल संस्था त्याआधीं तीन वर्षें, १९०२ सालीं, निघाली होती. सन १९०८ मध्यें स्वीडनशीं पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यांत नॉर्वेचा ३ विरुद्ध ११ असा पाडाव झाला. सन १९१२ च्या ऑलिंपिकमध्यें डेन्मार्कनें त्यांना ७ विरुद्ध ० असें हरविलें. पहिला विजय त्यांस १९१८ सालीं मिळाला. आणि ता. २८ ऑगस्ट १९२० रोजीं याच नॉर्वेनें अँटवर्प येथें ग्रेट ब्रिटनच्या संघास, म्हणजे ज्यांनीं हा खेळ जगास शिकविला त्यांस, ३ विरुद्ध १ असें जिंकलें. पुढच्याच सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाकडून ते ४ विरुद्ध ० असे हरले. तथापि आज त्या देशाचा क्रीडेतिहास लिहिणारास या विजयाचें महत्त्व एका वाक्यांत दाखवितां येतें, कारण आधींचे दारुण पराभव तारीखवार नोंदलेले आहेत. ३-११ आणि ०-७ हे आंकडे जपून ठेवले नसते तर ३-१ ला अर्थ उरला नसता. आरंभींच्या हंगामाची नोंद विजयासाठीं ठेवावयाची नसते; मागून येणाऱ्या विजयास माप मिळावें म्हणून ठेवावयाची असते. आमच्या इकडे १९ वा क्रमांक आणि चौथा क्रमांक हीं मापें होतीं. परंतु तीं ज्या नांवांस चिकटलेलीं होतीं, तीं नांवेंच विस्कटलीं.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. परदेशी नामावळ्यांतून हीं सहा नांवें रोमन अक्षरांत ज्या रूपानें आलीं आहेत तीं अशीं वाचावीं लागतात: पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिर दातार, कैकाडी, कुमार नवले आणि रणधीर शिंदेस. मराठी कानास यांतील तीन रूपें ऐकतांच खटकतात.

‘सदाशिर’ असें नांव आमच्याकडे नाहीं. तें ‘सदाशिव’ आहे हें सांगावयास संशोधक नको. पण चूक कशी झाली तें सांगण्यासारखें आहे. रोमन हस्ताक्षरांत लपेटून लिहिलेली लहान ‘व्ही’ आणि लहान ‘आर’ हीं अक्षरें सहज एकमेकांसारखीं दिसतात. म्हणजे अँटवर्पच्या कारकुनापुढें छापील यादी नव्हती, हातानें लिहिलेला अर्ज होता, आणि त्यानें नांवाचा अर्थ ठाऊक नसल्यामुळें अक्षराचा आकार तेवढा उतरला. मोडींतील नकलांत आपण रोज जो अनुभव घेतों तोच हा. ‘पूर्मा’ हेंहि तसेंच. बॅनर्जींचीं आद्याक्षरें ‘पी. सी.’ अशीं येतात. त्यांवरून मूळ नांव ‘पूर्णचंद्र’ असावें, आणि ‘एन्’ च्या दोन पायांस एक पाय अधिक लागून ‘एम्’ झाला असावा, असा माझा तर्क आहे. बंगाल्यांत पूर्णचंद्र हें नांव जितकें रूढ, तितकें ‘पूर्मा’ अश्रुतपूर्व. एकाच यादींत एकाच जातीच्या दोन चुका सांपडल्या म्हणजे तर्कास बळ येतें: दोन्हीहि हस्तलिखिताच्या वाचनांतील चुका आहेत, उच्चाराच्या नव्हेत.

‘शिंदेस’ मधील शेवटचा ‘स’ निराळ्या कुळांतला आहे. तो अक्षर चुकीचें वाचल्यामुळें आलेला दिसत नाहीं. परकी मनुष्यानें आडनावास आपल्या भाषेंतील नामाची शेपटी लावली असावी. ‘कुमार’ या शब्दाकडेहि सावधगिरीनें पाहिलें पाहिजे. मराठींत तें व्यक्तिनाम असतें, तसेंच तरुणाच्या नांवापूर्वीं लावण्याचा तो उपशब्दहि आहे; अर्जावर ‘कुमार अमुक नवले’ असें असून मधलें नांव गळालें असण्याचा संभव टाळतां येत नाहीं.

राहिले चौगुले. यांचें पूर्ण नांव ‘फडेप्पा दरेप्पा चौगुले’ असें वाचलें जातें. येथें नकलकाराची चूक शोधण्यापेक्षां नांवाची घडण पाहणें अधिक बोधप्रद आहे. स्वतःचें व वडिलांचें नांव ‘अप्पा’कारांत, म्हणजे कानडी वळणाचें, आडनांव मात्र मराठी मुलकी दप्तरांतलें. चौगुला हा पाटलाच्या हाताखालचा वतनदार. जुन्या महजरांत पाटील, कुळकर्णी यांच्यानंतर चौगुल्याची निशाणी आपण कितीदां तरी पाहिली आहे. बेळगांवाकडील मुलखाचा सारा इतिहास या एका नांवांत सांठवलेला आहे. मराठी अंमलाची व्यवस्था आडनांवांत आणि घरची भाषा नांवांत. रोमन लिपींत ‘द’ आणि ‘ड’ यांस एकच अक्षर असल्यानें या नांवाचें खरें रूप परदेशी यादीवरून ठरणार नाहीं. तें घरच्या कागदावरूनच ठरेल.

नांवांवरून आणखी एक गोष्ट निघते. दोराबजींच्या पत्रांत स्पर्धेस उतरलेले सर्व शेतकरी वर्गांतले म्हटले आहेत. परंतु दातार हें आडनांव चित्पावनांत सुपरिचित आहे. चौगुले हें वतनदारीचें. अर्थात् वतनदार शेती करीतच असे, आणि आडनांवावरून एका माणसाचा धंदा ठरवूं नये हें मीहि मानतों. तरी पण जिमखान्याच्या मैदानावर जमलेला समाज पत्रांत दिसतो तितका एकरंगी नसावा, एवढें या यादीवरून म्हणतां येतें. पुण्याच्या तालमींत ज्याप्रमाणें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकाच हौद्यांत उतरत, त्याप्रमाणें या शर्यतींतहि खेडें व शहर, वतनदार व भिक्षुक, कानडी व मराठी एकाच रेषेवर उभे राहिले असण्याचा संभव अधिक. हा मुद्दा लहान नाहीं. ‘अडाणी शेतकऱ्यांची मुलें आणि त्यांस शोधून काढणारा धनी’ या सांच्यांत बसविलेली कथा ऐकावयास गोड लागते. पण तींत ज्यांनीं मैदान आंखलें, वेळ मोजला, शर्यती भरविल्या आणि ज्यांनीं महिनोन् महिने रस्ते तुडविले, ते सगळे अदृश्य होतात. दोराबजींनीं पुण्यांत येऊन पाहिलें, कारण पुण्यांत पाहण्यासारखें कांहीं आधींच चाललें होतें.

यानें दोराबजींचें श्रेय कमी होत नाहीं. त्यांनीं केलें तें दुसऱ्या कोणीं केलें नाहीं. पुढें १९२४ सालीं दिल्लीस अखिल भारतीय सामने होऊन पॅरिसला संघ गेला. १९२७ मध्यें भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच झाले. १९२८ त ॲम्स्टरडॅम येथें हॉकीचें सुवर्णपदक आलें. दोराबजी १९३२ सालीं वारले. या सर्व वृक्षाचें बीज १९१९ च्या त्या खडबडीत गवतावर पडलें होतें. बीज टाकणाराचें नांव आपण जपलें; ज्या मातींत तें रुजलें तिचें नांव जपणें राहून गेलें, एवढेंच म्हणणें आहे.

हें काम अजूनहि होण्यासारखें आहे, आणि तें क्रीडेच्या जाणकारांपेक्षां हस्तलिखितांच्या संग्राहकांस अधिक साधण्यासारखें आहे. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेला जो पूर आला, त्यानें नदीकांठच्या पेठांतील व जिमखान्याकडील घरांतून किती दप्तरें नेलीं याची गणती नाहीं. म्हणून केवळ पुण्यांत शोधून भागणार नाहीं. सातारा, बेळगांव, हुबळी येथील घरांकडे वळलें पाहिजे. सन १९२० त परदेशीं जाणारास पासपोर्ट लागे. त्यावर धारकाची सही असे. अशी एक सही, मग ती मोडींत असो, देवनागरींत असो वा कानडींत, अँटवर्पच्या सगळ्या छापील याद्यांपेक्षां अधिक प्रमाण होय. गांवच्या शाळेचें दाखल-खारीज बुक पाहिलें तर त्यांत मुलाचें, बापाचें व आडनांवाचें मूळ रूप, जन्मतारीख आणि धंदा हीं एका ओळींत मिळतात. शर्यतीचीं हस्तपत्रकें, बक्षिसांचीं प्रमाणपत्रें, जिमखान्याच्या वर्गणीदारांच्या पावत्या, तालमींचे मोडी जमाखर्च, बोटीवरून घरीं धाडलेलीं पत्रें, फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनें लिहिलेलीं नांवें, यांतील एकहि वस्तु रद्दी समजून टाकूं नये. पेशवाईंतील हरकाऱ्याच्या मजुरीचा चिटोरा आपण कांचेखालीं ठेवतों. १९१९ सालच्या धांवणाराचा कागद त्याहून कमी योग्यतेचा कां मानावा? दोघेहि पायांनींच इतिहास वाहून नेणारे.

तूर्त वाचकांनीं एवढें करावें. जेथें जेथें या सहा जणांचा उल्लेख करावा लागेल, तेथें ‘सदाशिर’ न लिहितां ‘सदाशिव दातार’ लिहावें, ‘शिंदेस’ न लिहितां ‘शिंदे’ लिहावें, आणि ‘पूर्मा’पुढें प्रश्नचिन्ह घालून ‘पूर्णचंद्र’ हें रूप सुचवावें. चौगुले, कैकाडी, नवले यांच्या घरचा एखादा कागद ज्या कोणा संग्राहकाच्या पेटींत असेल, त्यानें तो या त्रैमासिकांतून प्रसिद्ध करावा. नुसती नक्कल आली तरी चालेल, मात्र ती अक्षरशः असावी आणि मूळ कागदाची लिपि, लांबी-रुंदी व स्थिति तींत नोंदलेली असावी.